उजवा दाणा

समुद्रकाठचं ते गाव कसं वसलं, हे तिथल्या बंगल्यांत सुट्टी घालवायला येणाऱ्या एकालाही ठाऊक नाही. गावात रस्ते थोडे आणि पाट जास्त. प्रत्येक बंगल्याच्या मागच्या पायरीला पाणी, पाण्यात होडी. वेशीवर एक गुळगुळीत काळी पाटी लावली आहे, तिच्यावर कुणा शहाण्याने लिहून ठेवलंय की हे गाव म्हणजे एका माणसाचं स्वप्न आहे. असेल. स्वप्न झोपलेल्या माणसाला पडतं. आम्ही तेव्हा जागे होतो आणि मांडीपर्यंत चिखलात होतो. ते गाव मला ठाऊक आहे, कारण त्याचे पाट माझ्या बाने काढले, माती माझ्या आयने वाहिली, आणि त्या गावाचा देव मी माझ्या मांडीवर बसवून एसटीतून नेला. आता सत्तरी जवळ आली. अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढता वाढता मी चार अक्षरं शिकले, ती अक्षरं कुठेतरी खर्चायला हवीत. म्हणून हे लिहिते. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

आमचा पाडा डोळखांबच्याही पुढे, डोंगराच्या कुशीत. गावात आमची जमीन म्हणाल तर चुलीखाली होती तेवढीच. पण वर जंगलात आज्याने कसलेली एक दळी होती. दळी म्हणजे जंगलखात्याच्या हद्दीतला उताराचा तुकडा. आमच्या नावाचा कागद नाही, फक्त दरवर्षी आमची नाचणी तिथे उगवायची, आणि सगळा पाडा म्हणायचा, ही गोमाची दळी. गोमा म्हणजे माझा बा. आयचं नाव भिवरी. मी थोरली, यमी. माझ्या पाठची दोन गेली, मग काळू. दिवाळी झाली की आम्ही कामाला बाहेर पडायचो, कधी वीटभट्टी, कधी रेती, कधी रस्ता, आणि रोहिणीच्या आधी घरी यायचो, कारण पाऊस पडताना दळीत आपलं माणूस दिसायला हवं. ज्याचा नांगर त्याची दळी, असा आमच्यातला कायदा. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तर सगळे पाळायचे.

घरी असताना माझं काम एकच, पाणी. उन्हाळ्यात ओहळात खड्डा उकरायचा, त्याच्यापाशी उकिडवं बसायचं आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. पुढे दहाजणी, मागे दहाजणी. पाणी वर यायला इतका वेळ लागायचा की खड्ड्याकडे बघत बघत झोप यायची, आणि झोप लागली की मागची बाई हंडा पुढे सरकवायची. आमच्याच तालुक्यात भातसाचं एवढं मोठं धरण, त्याचं पाणी मुंबईला जातं, आमच्या पाड्यावर येत नाही. पाण्याला चढ चढवत नाही बाई, असं मागे एक साहेब मला म्हणाले. मी विचारलं, मग मुंबईच्या विसाव्या मजल्यावर ते कसं चढतं? त्यांनी चहा मागवला.

माझ्या बाला पाण्याचं वेड होतं. वेड नव्हे, हात होता. डोंगरातून कुणाच्या खाचरात ओहळाचं पाणी आणायचं असलं की बाला बोलावणं यायचं. तो बांबू उभा चिरायचा, त्याच्या पन्हाळीत ओंजळभर पाणी घालायचा आणि बांबू जमिनीवर ठेवून पोटावर पडून बघत राहायचा. पाणी कुठल्या टोकाला सरकतं त्यावरून तो पाटाचा उतार ठरवायचा. एका बोटाचा उतार. जास्त दिला तर माती वाहते, कमी दिला तर पाणी आळसावतं, असं म्हणायचा. त्याच्या पाटातलं पाणी कधी थांबलेलं मी पाहिलं नाही.

मी दहाएक वर्षांची असेन, त्या वर्षी मुकादम आम्हांला समुद्राकडे घेऊन गेला. एका शेठने खाडी आणि समुद्र यांच्या मधली खारी जमीन घेतली होती आणि तिथे त्याला पाटांचं गाव करायचं होतं. शेठने विलायतेत कुठेतरी असं गाव पाहिलं होतं म्हणे. आम्ही चाळीसएक माणसं, सगळी शहापूर-मुरबाडकडची. डोंगरातल्या माणसाला समुद्र म्हणजे काय याची कल्पना नसते. पहिल्या सकाळी आय कपडे धुवायला खाडीवर गेली, पाणी पायाशी होतं. पिळे घालून पुन्हा वळली तर पाणी लांब गेलेलं आणि खाली नुसता चिखल. ती धावत आली. "अवं, पानी गेलं! कुनी तोडलं का काय?" मुकादम हसून लोळला. भरती-ओहोटी हे शब्द आम्ही तिथे शिकलो.

चिखल काळा आणि खारा. दोन दिवसांत पायाच्या बोटांमध्ये चिरा पडायच्या, संध्याकाळी आय त्यांत खोबरेल आणि हळद भरायची आणि आम्ही ओरडायचो. पण खायला मजा होती, हे खोटं का सांगू? नाचणीची भाकर घरून आणलेल्या पिठाची, आणि तिच्यावर चुलीत भाजलेला बोंबील. काळू आणि मी ओहोटीला नव्या पाटात उतरायचो आणि चिखलावर टणाटण उड्या मारणारे नेवटे मासे पकडायचो. आय त्यांचं कालवण करायची, चिंच घालून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुकादमाच्या पत्र्याच्या खोलीमागे टाकी होती आणि टाकीला नळ होता. टँकर येऊन टाकी भरून जायचा. मी हंडा नळाखाली ठेवायची, कान पिरगाळायची आणि पाणी धो धो पडायचं. हंडा भरायला लागणारा वेळ म्हणजे एक शिंक. पहिले काही दिवस मी भरलेला हंडा झाडाला ओतून परत भरायची. ती धार हातावर घेण्यासाठी. मुकादमाच्या बायकोने त्यावरून मला एकदा कानफटातही मारली. तरी मला ती जागा सोडून जावंसं वाटेना.

पाट खणून झाले आणि भरतीचं पाणी आत घेतलं, तेव्हा गडबड कळली. शेठच्या साहेबांनी सगळे पाट एकाच तोंडाचे आखले होते. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला अर्धं आतच अडकून राहायचं. गाळ बसला, हिरवी साय धरली, घाण सुटली. साहेब कागद उलगडून बघत आणि नाकाला रुमाल लावत. बा आवस ते पुनव नुसता काठावर बसून पाणी बघत होता. मग एक दिवस तो साहेबांच्या पुढे जाऊन म्हणाला, "सायेब, घराला मागलं दार लागतं. पान्याला बी लागतं." त्याने चिरलेला बांबू आणला, पोटावर झोपला आणि दाखवलं, खाडीच्या बाजूला दुसरं तोंड पाडायचं, पण पहिल्यापेक्षा अरुंद आणि बोटभर खाली. साहेब हसले, पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून त्यांनी खणू दिलं. तोंड फुटलं त्या दिवशी पाणी समुद्राकडून आत आलं, सगळ्या पाटांतून फिरलं आणि मागच्या दाराने खाडीत गेलं. शेठ गाडीतून आला होता. त्याने एक पान पाण्यात टाकलं आणि ते पान वळणं घेत दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला. मग सगळ्यांसमोर बाच्या चिखलाने भरलेल्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "गोमा, ये गाँव तो तेरा हुआ!"

शेठ असं रोज दहा जणांना म्हणत असेल. ड्रायव्हरला म्हणत असेल, गाडी तुझीच. पण आमच्यात चार माणसांसमोर बोललेला शब्द म्हणजे शब्द. बा शिमग्याला घरी गेला तो निराळाच माणूस होऊन. आमच्याकडे रीत आहे, नवा पाडा वसवायचा तर जुन्या गावदेवाच्या पायथ्याचा एक दगड नेऊन तिथे बसवायचा. ज्याने देव बसवला तो त्या पाड्याचा मूळ माणूस. त्याला तिथून कुणी उठवत नाही, त्याच्या पोरानातवांनाही नाही. बाने म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांनी होकार दिला, आणि ओहळातला एक काळा, नारळापेक्षा थोडा मोठा दगड आम्ही फडक्यात गुंडाळून निघालो. एसटीत तो माझ्या मांडीवर होता. कंडक्टरने विचारलं, "ह्यात काय हाय गो?" मी म्हटलं, "देव." तो म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे, देवाला तिकीट नाय." मांडी सुन्न झाली तरी मी दगड खाली ठेवला नाही.

दोन पाट जिथे मिळतात त्या उंचवट्यावर बाने तो बसवला. शेंदूर लावला, कोंबडं दिलं. शेठने नारळ फोडला आणि फोटोही काढून घेतला. असल्या गोष्टी शेठलोकांना आवडतात.

वैशाख सरत आला. बाकीच्या टोळ्या ट्रकने परत निघाल्या होत्या. शेठचा निरोप आला की पावसात पाटांचे बांध राखायला गोमाने राहावं, राहिला तर पलीकडच्या टोकाला कामाच्या माणसांसाठी चाळ बांधायची आहे, तिथली पहिली खोली त्याची. बाचा चेहरा उजळला. आयने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"आन दळी?" ती म्हणाली. "या साली नांगर नाय फिरला तं धर्मा गप बसंल व्हय?" धर्मा म्हणजे बाचा चुलतभाऊ, त्याची दळी आमच्या दळीला लागून.

"अगो, गाव मिळतंय आपल्याला. दळी काय घेऊन बसलीस?"

"गाव दिसतंय का तुमाला? मला चिखुल दिसतोय."

दोन दिवस हेच चाललं. आय बोलायची थांबली की बा बोलायचा, बा थांबला की आय भांडी आपटायची. शेवटी आयच म्हणाली, "देव हितं बसवलाय ना तुमी? मंग त्यालाच इचारा. तो म्हनंल तसं."

सकाळी बाने दगड धुतला. ओल्या दगडावर तांदळाचे दोन दाणे चिकटवले, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. याला आम्ही कौल म्हणतो. बाने हात जोडून मोठ्याने सांगितलं, राहायचं असेल तर उजवा पाड, जायचं असेल तर डावा पाड. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. दगड सुकत जातो, दाणा सुटतो. आय काळूला मांडीवर घेऊन बसली होती, डोळे डाव्या दाण्यावर. बाचे उजव्यावर. आणि धुपाला फुंकर घालत राहायचं काम माझं, कारण धूप विझला की देव बोलत नाही.

मी धुपाटणं घेऊन दगडाच्या अगदी जवळ बसले होते. निखाऱ्यावर फुंकत होते. धुराने माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि त्या पाण्यातून मला पत्र्याच्या खोलीमागचा नळ दिसत होता. आणि ओहळातला खड्डाही दिसत होता. मी तोंड वर उचललं तेवढंच. एक फुंकर, निखाऱ्यावरून सरकून थोडी वर. उजवा दाणा टपकन पडला.

बाने दोन्ही हात जमिनीला टेकले. आय उठली, आणि बांधलेलं गाठोडं सोडून त्यातली भांडी एकेक करून परत चुलीशी मांडली. एका नळासाठी मी देवाला ढकललं, हे तेव्हा मला एवढ्या शब्दांत कळलं नव्हतं. मला फक्त आनंद झाला होता, आणि आनंद झाला याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

पावसाने आमचं काय केलं ते थोडक्यात सांगते. आषाढातल्या उधाणाला खाडी बांधावरून आत यायला लागली. तीन दिवस बा आणि आय गोणी टाकत होते, काळू आणि मी चिखल देत होतो. भाकर करायला कोरडं लाकूड नव्हतं, भिजवलेलं पीठच आम्ही गिळलं. बाची कंबर त्यात गेली ती कायमची. पण बांध राहिला. आज त्या बंगल्यांच्या पायऱ्यांना जे पाणी शहाण्यासारखं लागून उभं असतं, ते त्या तीन दिवसांमुळे.

नवरात्रानंतर बंगले उभे राहायला लागले. चाळीच्या जागेवर मोटारी उभ्या करायला फरशी घातली. नळाला कुलूप लागलं. एक दिवस मुकादम आला आणि आमच्या झोपडीकडे न बघता म्हणाला, "गोमा, आता गावातली मानसं यायला लागतील. झोपडी बरी नाय दिसत."

"गावातली मानसं?" बा म्हणाला. "मंग आमी कोन?"

मुकादमाने पायाने माती उकरली. वाईट माणूस नव्हता तो, नुसता मुकादम होता. बा कमरेवर हात ठेवून तसाच शेठच्या गाडीपर्यंत गेला. "शेठ, देव बसवलाय मी हितं," एवढंच म्हणाला. शेठला आधी कळेचना. मुकादमाने समजावलं तेव्हा तो मनापासून म्हणाला, "हाँ हाँ, भगवान को रहने दो ना. भगवान से क्या तकलीफ है?" म्हणजे देवाला ठेवून घेतलं आणि माणसाला काढलं. आणि बसवलेला देव उपटून न्यायचा नाही, हीसुद्धा आमचीच रीत. आम्ही गाठोडी उचलली.

पाड्यावर पोचलो तेव्हा नाचणी कापणीला आली होती. आमच्या दळीत, मुठीएवढी कणसं, धर्माची. आय बांधावर उभी राहिली. धर्मा विळा घेऊन पुढे आला, थोडा शरमलेला, पण विळा हातातच. "मोकळी पडली व्हती, भिवरे. मी नाय तं दुसऱ्या कुनी घातला असता नांगर. तुमचं काय, तुमाला तं गाव मिळालं म्हनं." तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं लोक म्हणतात. आमच्या घरात ते धुपाटणं माझ्या हातात होतं. त्यानंतर आम्ही बारमाही भट्टीवरचे झालो. बाने पुन्हा कुणाचा पाट काढून दिला नाही. लोक बोलवायला यायचे, तो बांबू मोडून चुलीत घालायचा. मागे वनहक्काचे कागद वाटले, तेव्हा त्या दळीचा कागद धर्माच्या नातवाच्या नावाने आला. कायद्याने बरोबरच झालं. इतकी वर्षं तोच पेरत होता.

आय जायच्या आधी आठवडाभर मी तिच्याजवळ होते. दुपारी तिला आंबील पाजत होते. ती आपणहून म्हणाली, "तुज्या बाला मी कंदी बोल लावला नाय गो. देवानंच सांगितलं व्हतं ऱ्हावा म्हनून. मंग मानसाला काय बोलायचं?" तिने त्या एका आधारावर सगळा संसार ओढला होता. मी चमचा तिच्या तोंडाशी धरला. बोलले असते तर माझं ओझं उतरलं असतं आणि तिच्या डोक्यावर बसलं असतं. मी गप्प राहिले. हा मोठेपणा नव्हे, भेकडपणाच होता, पण आता तो सुधारायची सोय नाही.

काळूचा मुलगा रमेश समुद्राकडच्या कुठल्याशा सोसायटीत सिक्युरिटीला लागला. सोसायटीचं नाव इंग्रजी, माझ्या लक्षात राहिलं नाही. मागल्या हिवाळ्यात म्हणाला, "आत्या, चल दोन दिस, समुद्र बघशील." मी गेले. रिक्षातून उतरले आणि चिखलाचा वास आला, तेव्हा माझे पाय थांबले. मी त्याला विचारलं, पाण्याला दोन तोंडं आहेत का रे इथे? तो म्हणाला, "तुला कसं म्हाईत?" काळू तेव्हा चार वर्षांचा, त्याला नेवट्यांपलीकडे काही आठवत नव्हतं, त्यामुळे पोरालाही काही ठाऊक नव्हतं. रात्री जेवताना रमेश आपणहून सांगायला लागला, "हितला देव लय जागृत हाय आत्या. समुद्रातनं वर आलाय म्हनतात. शेठला सपनात दिसला, मंग त्यांनी गाव वसवलं." मी भात कालवत राहिले.

सकाळी त्याच्या डब्यातले तांदळाचे दोन दाणे मी पदराच्या टोकाला बांधून घेतले. दोन पाट मिळतात तिथे आता संगमरवरी चौथरा आहे, पितळी कठडा आहे, आणि पाटी आहे : चप्पल काढावी, नारळ फोडू नये, तांदूळ वाहू नये. दगड तोच. डाव्या अंगाला एक खाच आहे, एसटीत पूर्ण वाटभर मी तिच्यात अंगठा घालून बसले होते. रमेश ड्युटीच्या फोनवर बोलत दोन पावलं लांब उभा होता. मी बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं, एक दाणा उजव्या अंगाला लावला, एक डाव्या, आणि मनात तोच जुना प्रश्न विचारला. राहायचं होतं का जायचं होतं? तू काय सांगणार होतास, तेवढं सांग. मग मागे सरकले आणि पदराने नाक-तोंड दाबून धरलं, माझा श्वासही तिथवर पोचू नये म्हणून. ऊन चढत होतं. दगड कडेने सुकायला लागला होता. उजवा दाणा हलल्यासारखा वाटला, मग डावा हलल्यासारखा वाटला.

"आत्या! काय करतेस हे?" रमेश फोन खिशात घालत धावत आला. "तांदळाला बंदी हाय हितं, उंदीर येतात. सायबांनी बघितलं तं माजी नोकरी जाईल!" त्याने घाईघाईने युनिफॉर्मच्या खिशातून रुमाल काढला आणि कठड्यावरून वाकून दगड पुसला. दोन्ही दाणे एकदमच पडले.